दाढा काढल्यावर गाडी कोण चालवणार?

माझ्या बाबांनी आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांना गाडी दिसली की पळायला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे आमच्या घराखालचा एक गाळा, एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता, टपावर पाटी बसवलेली पांढरी गाडी आणि बाबांचा आवाज. यातला आवाज सगळ्यात जुना आणि सगळ्यात चालू स्थितीत.

तर या आवाजाच्या कारखान्यात, अगदी मागच्या भिंतीला, दोन अक्कलदाढा आडव्या उगवल्या. डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. खाली दोन्ही बाजूंना शेवटची दाढ सरळ उभी राहायचं सोडून शेजारणीच्या पोटात डोकं खुपसून झोपली होती. बाबांचा गाल टम्म फुगलेला, आठवडाभर ते एका बाजूनं जेवत होते आणि ठणका लागला की टेबलावर मूठ आपटत होते. तरी त्यांचा पहिला प्रश्न काय, तर, "हे पार्किंग कोणी केलं?"

"तुमचंच आहे, मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता टोचन लावून ओढावं लागेल."

डॉक्टरबाई बाबांच्याच विद्यार्थिनी. कॉलेजात होत्या तेव्हा बाबांनी त्यांना भर चौकात, काच खाली करून, म्हणजे चौकातल्या लोकांचीही सोय व्हावी म्हणून, सुनावलं होतं: "अहो, तो आरसा पावडर लावायला दिलेला नाही!" हे त्या विसरल्या नव्हत्या. आता आरसा त्यांच्या हातात होता, काडीवर बसवलेला, नाण्याएवढा, आणि तो त्या बाबांच्या तोंडात घालून हवा तितका वेळ फिरवत होत्या. जगात न्याय नावाची वस्तू असते असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलंय.

"दोन्ही एकदम काढू," त्या म्हणाल्या. "गुंगीचं इंजेक्शन देईन. पण घरी न्यायला गाडी चालवणारं माणूस सोबत पाहिजे. त्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि तुम्ही त्या दिवशी स्टिअरिंगला बोट लावायचं नाही."

बाबांनी मला खांद्याला धरून पुढे सरकवलं. "ही आहे की. आमच्या घरात काय ड्रायव्हरचा तोटा?"

डॉक्टरबाईंची पाठ वळली आणि बाबांनी मला डोळा मारला.

म्हणजे ती शुद्ध थाप होती. आमच्या घरात ड्रायव्हरचा चांगलाच तोटा आहे. आईला बाबांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवायला घेतलं होतं; आई म्हणते, एक तर गाडी शिकले असते नाहीतर संसार केला असता. आणि मला, बाबांच्या माहितीप्रमाणे, गाडी येत नव्हती. त्यांचा बेत साधा होता: दाढा काढायच्या, थोडं डुलत बसायचं, मग स्वतःच चालवत घरी यायचं. "डोळे मिटले तरी ती गाडी घरी येते," जिना उतरताना ते म्हणाले. "शहाणी आहे. तुझ्यापेक्षा."

मी खाली मान घालून हसले. कारण बाबांनी मारलेली थाप खरी होती. माझं लायसन्स तीन आठवडे माझ्या शाळेच्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात पडलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की! आनंदाची बातमी! तर त्यात एक गोम होती, आणि ती गोम आमच्या समोरच्याच फुटपाथवर राहत होती.

झालं असं. मला अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात बाबांनी मला गाडीत बसवलं. परक्या माणसावर ते ओरडतात ते जरा हातचं राखून, माणूस उद्या परत यायला हवा म्हणून. पोटची पोर कुठे जातेय? तिसऱ्या दिवशी मी गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पाडली, दार उघडलं आणि पायी घरी आले. तेव्हा मी अशीच होते. वर्गात उत्तर येत असलं तरी बाकाखाली पेन शोधणारी. कोणी मोठ्यानं बोललं की माझं सगळं ज्ञान पातळ होऊन वाहून जायचं. दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला आणि समोरच्या ताईच्या गाळ्यात जाऊन म्हणाले, "मला शिकवशील?"

समोरची ताई म्हणजे बाबांचा एके काळचा उजवा हात. बाबांकडेच शिकली, बाबांकडेच शिकवायला लागली, आणि मी सहावीत असताना एक दिवस बाहेर पडून तिनं बरोब्बर समोर स्वतःचं स्कूल काढलं. भांडण कशावरून? चढावरून. माझी शपथ. चढावर गाडी थांबली तर पुन्हा कशी काढायची, यावरून. बाबा म्हणतात, अर्ध्या क्लचवर गाडी पेलून धरायची, पायात जीव पाहिजे, हँडब्रेक ही लंगड्याची कुबडी. ताई म्हणते, हँडब्रेक ओढा, घाम पुसा, आणि मग निघा. गाडी मागे घसरून मागच्याच्या मांडीवर बसवण्यात कसली मर्दुमकी? माणसं जमिनीवरून भांडतात, हे दोघं जमिनीच्या उतारावरून भांडले.

आणि तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत. अजिबात. तिची गाडी आमच्या दारात आडवी आली तर हॉर्न वाजवतात, पण तोंड उघडत नाहीत. आता बाबांना ओळखणाऱ्यालाच याचा अर्थ कळेल. बाबांचं ओरडणं म्हणजे काही नाही. ते हवामान आहे. ज्याच्यावर ओरडतात तो त्यांचा माणूस. पण ते गप्प झाले की समजायचं, आपलं नाव पाटीवरून पुसलं.

ताईनं मला फुकट शिकवलं, आणि मी तिच्या काचेवरची अक्षरं लाल-पिवळ्या रंगात रंगवून दिली. बाबा रोज सकाळी त्या काचेकडे बघून म्हणायचे, "काय भडक अक्षरं काढलीत! कुठल्या गाढवाला रंग दिला हातात?" मी दूध पीत ऐकायचे.

आईला सगळं माहीत होतं. ती औषधांच्या दुकानात काम करते. गुपितं तिच्याकडे गठ्ठ्यानं असतात. आदल्या दिवशी मी म्हटलं, "आई, उद्या मीच चालवीन. पण त्यांना कळलं ना, कोणी शिकवलं ते, तर माझ्याशीही बोलणं टाकतील."

"मी काही ऐकलेलं नाही," आई म्हणाली. मग दोन मिनिटांनी, भांडी पुसता पुसता: "चढावर जपून."

दाढा काढायच्या दिवशी जाताना गाडी बाबांनीच चालवली आणि आत शिरताना किल्ली माझ्याकडे दिली. मला खुर्चीजवळ उभं राहायची परवानगी मिळाली, गुंगी चढेपर्यंत. बाबा त्या लांबलचक खुर्चीत आडवे झाले आणि पहिलं काम काय केलं, तर खुर्ची पुढे-मागे कशी होते ते बघितलं. डॉक्टरबाईंनी सुई हातात घेतली मात्र, बाबांचा उजवा पाय खाडकन खाली गेला. आपटला पायाच्या पाटीवर.

"मास्तर, ब्रेक माझ्याकडे आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सवय," बाबा म्हणाले.

"पाय मोकळा सोडा. समोर बघा. घाबरून स्टिअरिंग धरू नका." बाबांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात आवळले होते. "आणि श्वास घ्या. हे मी नाही, तुम्हीच सांगायचात. फक्त तुम्ही जरा जास्त मोठ्यानं सांगायचात."

"तुम्ही तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू करायचात," बाबा म्हणाले. जीभ जड व्हायला लागली होती. "तिसऱ्या... गिअर..." आणि गेले.

मी बाहेर येऊन बसले. आतून कधी घरघर यायची, कधी खुडखुड, आणि मध्येच पाय आपटल्याचा आवाज. झोपेतही शिकवत होता माणूस.

काम झाल्यावर मला आत बोलावलं. बाबा बसलेले होते, पण त्यांच्यात बाबा अर्धेच होते. डोळे तांबूस, खालचा ओठ स्वतंत्र झालेला, दोन्ही गालांत कापडाचे बोळे. डॉक्टरबाईंनी मला बजावलं: बोळे दाबून धरायचे, घरी पोचून पाणी पिईपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, थुंकायचं नाही, गार मऊ खायचं. मग एका डबीत त्यांनी दोन्ही दाढा दाखवल्या. बाबांनी त्या बघितल्या, मान हलवली, आणि माझ्यासमोर हात पसरला.

किल्ली मागत होते.

"नाही," मी म्हटलं.

"म्म्म!"

"तुम्हीच सांगितलंत ना त्यांना, ही नेईल म्हणून? मग नेते."

बाबांनी हाताच्या बोटांनी 'वेडी झालीस का'ची सगळी रूपं चालवून दाखवली. पण डॉक्टरबाई दारापर्यंत सोडायला आल्या होत्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. थाप बाबांची, गळ्यातही बाबांच्याच पडलेली. मी दप्तरातून भूगोलाचं पुस्तक काढलं, त्यातून लायसन्स काढलं आणि बाबांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते जवळ नेऊन पाहिलं, लांब नेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्यात तीच जुनी पातळ भावना यायला लागली, पण या वेळी मी तिला म्हटलं, बाई, आज नको, उद्या ये.

"बसा," मी बाबांना म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. काय छान शब्द आहे तो!

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतो. गुंगीतला मास्तर आणि त्याच्या पायाखाली ब्रेक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. मी "पाय लांब करा हं, आराम वाटेल" असं म्हणत त्यांची सीट मागे सरकवली, पार शेवटच्या खाचेपर्यंत. बाबांचा पाय पुढे गेला, हवेत फिरला, परत आला. मग पुन्हा गेला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू दाढा मीच उपटल्या.

मी आरसे लावले. पट्टा. क्लच, पहिला गिअर, खांद्यावरून मागे नजर. गाडी दवाखान्याच्या फाटकातून अशी निघाली, जशी लोण्यातून सुरी. बाजारपेठेत एक हातगाडीवाला मध्येच आडवा आला. मी थांबले, त्याला जाऊ दिलं, निघाले. शाळेसमोरच्या गतिरोधकावर दुसरा गिअर. चौकात उजवीकडच्याला वाट दिली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी बाबांकडे बघत होते. आधी त्यांचा हात वरच्या कडीला घट्ट होता. मग कडीवरून सुटला. मग मांडीवर आला. पेठ संपली तेव्हा त्यांनी, खोटं नाही सांगत, एकदा मान डोलावली. त्यांना बहुधा वाटत असावं, रक्तात असतं एकेकाच्या, आपलीच पोर, गाडीच्या खिडकीतून बघून बघून शिकली असेल.

मी इतकी फुगले की पट्टा काचायला लागला. आणि त्या फुगण्यात मी उड्डाणपुलाच्या चढाला कधी लागले ते मला कळलंच नाही.

अर्ध्या चढावर आले आणि वरचा सिग्नल लाल झाला. पुढे एक ट्रक. मागे एक बस, तिच्या मागे सगळं गाव. मी थांबले. आणि माझ्या हातानं, मला एका शब्दानं न विचारता, ते केलं जे ताईनं त्याला महिनाभर शिकवलं होतं. त्यानं हँडब्रेक ओढला. कर्रर्रर्र.

गाडीत तो एवढाच आवाज झाला.

बाबांची मान हळूहळू वळली. आधी त्यांनी हँडब्रेक बघितला. मग माझा हात. मग माझं तोंड. गुंगी वगैरे सगळी उतरली होती. या गावात गाडी शिकवणारी माणसं दोन, आणि त्यातलं हँडब्रेक ओढायला शिकवणारं एकच. ताकाला जाऊन भांडं लपवायचे माझे सगळे दिवस त्या कर्रर्रमध्ये संपले.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही ओरडायचात म्हणून..."

ते समोर बघायला लागले.

सिग्नल हिरवा झाला. ट्रक धूर सोडून हलला. मागच्या बसनं हॉर्न दिला. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडत आणला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, हँडब्रेक सोडला, आणि गाडी एक तसूही मागे न जाता चढ चढून गेली. इतकं सुरेख मला परीक्षेतही जमलं नव्हतं. बघायला होतं कोण? बाबा काचेतून बाहेर बघत होते.

आता माझी पंचाईत बघा. ते गप्प होते. पण ते कशामुळे गप्प होते? तोंडात बोळे होते, बोलायची मनाई होती, ओठ बधिर होता. गप्प बसायला तीन-तीन वैद्यकीय कारणं! आणि चौथं कारण मी, स्टिअरिंग धरून बसलेली. पाटीवरून माझं नाव पुसलं गेलं होतं की फक्त दाढा गेल्या होत्या, हे कळायला मार्गच नव्हता. दुसरं कोणी असतं तर मी चेहऱ्यावरून ओळखलं असतं. पण त्यांचा चेहरा तर अर्धा परक्याचा झाला होता.

"पुलावरून उतरताना दुसराच ठेवते हां," मी म्हटलं.

काही नाही.

"उजवीकडे बघितलं, बाबा. दोनदा."

काही नाही. मी मुद्दाम वळणावर इंडिकेटर उशिरा दिला. एरवी एवढ्यावर त्यांनी गाडीचं छप्पर उडवलं असतं. म्म्मसुद्धा नाही. मी घराच्या रस्त्याला लागले तेव्हा मला एकच हवं होतं: या माणसानं माझ्यावर ओरडावं. कसंही, कोणत्याही शब्दांत, रस्त्यावरच्या लोकांसमोर, काच खाली करून.

गाळ्यासमोर मी गाडी फुटपाथला लावली, दोन्ही चाकं रेघेला समांतर, आणि इंजिन बंद केलं. समोर ताई तिच्या गाडीची काच पुसत होती. तिनं पाहिलं: चालवणाऱ्या बाजूला मी, शेजारी मास्तर, गाल भोपळ्यासारखे. तिच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

मी आत पळाले आणि ग्लासभर पाणी घेऊन आले. बाबा गाडीबाहेर उभे होते, टपाला टेकून. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडातून एक बोळा काढला, दुसरा काढला, निवांत गुंडाळले. पाण्याचा एक घोट घेतला. त्यातला अर्धा सदऱ्यावर गेला. माझ्या ओळखीच्या सगळ्या देवांना मी त्या एका मिनिटात कामाला लावलं.

मग बाबांनी तोंड उघडलं.

"हटण कोण दाहणार? तुझा हाप?"

मी तर उडालेच.

"काय?"

"हटण! हटण!" त्यांनी मुठीत काल्पनिक हँडब्रेक धरला आणि अंगठा दाबून दाखवला. बटण! "हटण दाहून ओढायचा! कर्रर्र करत ओढतेस, आतल्या खाचा झिजतात! गाडी आहे की रहाट? एवढं सगळं शिकवलं तिनं आणि हटण दाहायला शिकवलं नाही?"

ओरडले! मोठ्यानं, ओठ एकीकडे आणि शब्द एकीकडे, लाळ गळत, माझ्यावर, भर रस्त्यात! मला इतकं बरं वाटलं की मी हसायलाच लागले, त्यामुळे ते अजून ओरडले.

"हसतेस काय! आणि वळणावर इंडिकेटर? कोणाच्या लग्नाला द्यायचा ठेवला होता?"

"तो मी मुद्दाम..."

"मुद्दाम!" त्यांनी हात वर केले. आणि मग, त्याच झोकात, त्याच आवाजात, ते रस्त्याच्या पलीकडे वळले. "आणि तू! कसली मास्तरीण गं तू!"

रस्त्यावरचा पानवाला, पोस्टमन, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळे थिजले. मी सहावीत असल्यापासून या रस्त्यानं हे ऐकलं नव्हतं. ताईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि फुटपाथच्या कडेला आली.

"काय म्हणतायत गं ते?" तिनं मला ओरडून विचारलं.

"म्हणतायत, बटण दाबून हँडब्रेक ओढायला का नाही शिकवलंस? खाचा झिजतात!"

"तुमच्याकडे सहा वर्षं होते मी!" ताई थेट बाबांना म्हणाली. "एकदा तरी हँडब्रेकला हात लावू दिलात? तुम्हीच नाही शिकवलंत, तर मला कुठून येणार?"

हे खरंच होतं, आणि बाबांना खरं गिळायला नेहमीच त्रास होतो. आज तर गिळायलाच त्रास होत होता. मग त्यांनी एक लांबलचक, बधिर, ओथंबलेलं भाषण सुरू केलं. त्यात कुबडी होती, क्लच होता, माझ्या आजोबांचा ट्रक होता, 'चढावर एक तसू मागे गेली नाही, ते मी हघितलं' होतं, आणि दोन शब्द असे होते जे शाळेत जाणाऱ्या मुलीनं लिहू नयेत.

"आता काय म्हणतायत?" ताईनं विचारलं. तिचा आवाज जरा वेगळा झाला होता.

"म्हणतायत, उद्या सकाळी गाडी घेऊन ये, बटण दाखवतो."

बाबांनी यातलं अक्षरही उच्चारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, डोळ्याला डोळा, मान खाली न घालता.

"सांग तिला," बाबा म्हणाले, आणि ओठ हातानं धरून शब्द नीट लावला, "लवकर ये म्हणावं. पुलाला गर्दी होते."